बंबघराचं दार

४ फेब्रुवारी

प्रिय गडबड्या,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग खालचं वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे. मधलीच ओळ वाचून फोन फिरवशील, आणि फोनवर मला निम्मंच ऐकू येतं. उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते आणि मग आपली भांडणं होतात. म्हणून हे पत्र.

आपल्या घराला आग लागली होती. शिवणाच्या खोलीत इस्त्री चालू राहिली आणि तुझी शहाणी आत्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. धूर आधी शेजाऱ्यांनी पाहिला. मला भोंगा ऐकू आला नाही. सलूनवाला दंडाला धरून ओढायला लागला तेव्हा मी त्यालाच ओरडले की हा काय चावटपणा.

गावात पगारी बंबवाला एकही नाही, हे तू विसरला असशील. सलूनवाला त्यांचा म्होरक्या, शिवाय बेकरीवाला, सुतार, शाळेतले मास्तर आणि टपालवाली. बंब चालवते ती टपालवालीच. भोंगा वाजला की त्यांनी हातातलं काम टाकून पळायचं आणि टाकलेलं काम शेजाऱ्याने उचलायचं, अशी इथली रीत. बेकरीवाल्याचे पाव मास्तरांची बायको भट्टीतून काढते. सुताराच्या सरसाच्या शेगडीवर गल्लीतलं कोणी ना कोणी लक्ष ठेवतं. सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाजार करून येतं आणि त्याला कोणी हसत नाही. टपालवालीची पिशवी माझ्याकडे असते, कारण बंबघर माझ्या समोरच. पळता पळता पिशवी माझ्या पायरीवर टाकते आणि ओरडते, "मावशी, सांभाळा!" ती येईपर्यंत पिशवी मी मांडीवर घेऊन बसते, फार वेळ लागला तर पत्रंही वाटून येते. त्या दिवशी माझंच घर पेटलेलं, मग पिशवी टाकायची कुठे? बिचारीने ती गळ्यात अडकवूनच बंब चालवला.

खोली गेली, घर वाचलं. माझ्या आईचं शिवणाचं मशीन आत राहिलं म्हणून मी रस्त्यावर बसून रडायला लागले, तर सुतार परत आत शिरला आणि मशीन उचलून घेऊन आला. भुवया जळाल्या त्याच्या. बायको म्हणते, आता कायमचा आश्चर्यात पडल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेले. सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला, "आभार कसले, मावशी? बंबघराच्या दारात कोणी काही लावू नये एवढं बघत जा, तुम्ही समोरच राहता." मी म्हटलं, एवढ्यावर भागवता होय? माझं काही समाधान झालं नाही.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. तुझं घर जळत होतं तेव्हा मी एका कंपनीच्या जेवणावळीत पाहुण्यांच्या खुर्च्यांना रिबिनी बांधून घेत होतो. तुझ्याकडे येऊन किती दिवस झाले ते आठवायला गेलो, तर लाज वाटली.

पण आता ऐक. या लोकांचे आभार आपण असे मानायचे की गावाने नाव काढावं. लोकांचे समारंभ करून देणं हा माझा धंदाच आहे. परक्यांसाठी रोज करतो, मग आपल्या माणसांसाठी का नको? बंबघरासमोर मोठं स्टेज घालू. मागे बंबघराचं दार उघडं आणि त्यात फुलांनी सजवलेला लालभडक बंब. सगळ्यांना गणवेशात स्टेजवर बसवायचं, एकेकाला पदक लावायचं. सुरुवातीला स्पीकरवर भोंग्याचा आवाज, की लोकांच्या अंगावर काटाच आला पाहिजे. तू पहिल्या रांगेत नाही, स्टेजवर बसायचं. पदकं तुझ्या हातून.

नाही म्हणू नकोस. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी काही केलं नाही, हे एवढं करू दे.

तुझा गडबड्या


१९ फेब्रुवारी

प्रिय गडबड्या,

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी आरशात पाहिलं. स्टेजवर बसायचं म्हणजे नवा पोशाख हवा. निळं कापड ठेवणीत होतं, परवाच बेतलं.

सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कार्यक्रम कशाला, मावशी?" मी म्हटलं, भाच्याची हौस आहे. मग म्हणाला, "बरं, पण शाळेच्या मैदानात घ्या. बंबघराचं दार अडायला नको." मास्तरांनीही तेच सुचवलं. टपालवालीचं तोंड आंबट झालं. लग्नाची वरात असली तरी या दाराला वळसा घालून जाते, हे तुलाही लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा मैदानात घ्यायचं का? तू म्हणशील तसं मी त्यांना सांगते. माझा शब्द ते मोडणार नाहीत.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मैदानात धूळ आणि गोलपोस्ट. तिथे बंब नेऊन उभा केला तर भंगारात काढल्यासारखा दिसेल. बंबघर मागे हवंच, नाहीतर फोटोत राहिलं काय? तासाभराचा तर प्रश्न आहे. तासाभरात कुठे काय पेटतंय? तू एकदा गोड बोल. तुला ते नाही म्हणणार नाहीत.

आणि गावातलं झाडून सगळं माणूस आलं पाहिजे. रिकाम्या खुर्च्या म्हणजे आपलं नाक कापलं. स्टेजवर चढण्याउतरण्याची तालीम करायची आहे, तेव्हा बंबवाल्यांना जरा लवकरच यायला सांग.

घाईत आहे. बाकी समक्ष.

तुझा गडबड्या


१३ मार्च

प्रिय आत्या,

कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी तुला न सांगता निघालो. स्टेजचं सामान ट्रकमध्ये चढवायचं होतं, माणसं खोळंबली होती, तू कुठे दिसली नाहीस. निरोप घ्यायला हवा होता, मान्य.

झालं ते वाईटच झालं. पण आत्या, सुताराचं दुकान त्याच वेळी पेटावं याला काय म्हणायचं? कोणाला स्वप्न पडलं होतं का? आणि दार अडायला नको हे त्यांना इतकं महत्त्वाचं होतं तर त्यांनी ठणकावून सांगायचं होतं. मोठी माणसं आहेत, तोंडं आहेत. हसत हसत स्टेजवर चढले की सगळे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा खोलायला वेळ लागणारच, माझी माणसं चहा प्यायला गेली होती. ती आली तेव्हा त्यांनी जीव तोडून स्टेज खोललं, हे तूही पाहिलंस.

मी सुताराला रंधे, करवती, छिन्न्या असा नवा संच पाठवतोय. चांगल्यातला. तुझ्याकडे येईल, तू नेऊन दे. तो काही बोलला का? माझं नाव काढतो का?

उत्तर लवकर लिही.

तुझा गडबड्या


३० मार्च

गडबड्या,

लवकर लिही म्हणालास. मला लिहायला बसवेना.

तू सगळं लिहिलंस आणि एक गाळलंस. भोंगा वाजला तेव्हा माईक कोणाच्या हातात होता? सुताराचा शेजारी मधेच घरी गेला होता, त्याने पळत येऊन बंबघराच्या मागच्या भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबलं. तो बंबाच्या आड, कोणाला दिसला नाही. खरा भोंगा वाजायला लागला आणि तू माईकवरून ओरडलास, "आपल्या वीरांसाठी जोरदार टाळ्या!" सुरुवातीला तुझा स्पीकरवरचा भोंगा ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्याच होत्या, पुन्हा वाजवल्या. मला तर धड ऐकूही आलं नाही. सगळ्यांचे हात हलताना पाहून मीही वाजवल्या. नव्या निळ्या पोशाखात, स्टेजवर बसून. सुताराचं दुकान जळत होतं आणि मी टाळ्या वाजवत होते. हे आठवलं की हात कापडाखाली लपवावेसे वाटतात.

तेव्हा मी त्याच्याच छातीला पदक लावत होते. स्टेज उंच, त्याला लोकांच्या डोक्यांवरून धूर दिसला. "मावशी, ते माझं आहे," एवढंच म्हणाला. पुढे जे झालं ते तू पाहिलंस. बंब आत, पुढ्यात आपलं स्टेज. नळ्या खोलायचे पाने बंबाच्या पेटीत, आणि बंब नीट दिसावा म्हणून तू तो इतका पुढे, स्टेजला टेकवून घेतलेला की पेटीचं झाकण उघडेना. सलूनवाल्याने नुसत्या हातांनी स्टेजच्या फळ्या उपटल्या. गणवेश फाटले, बोटं सोलली. टपालवाली गाडी चालू करून बसली होती आणि फुलांच्या माळांतून समोर बघत होती. बंब बाहेर निघाला तेव्हा छप्पर खाली आलं होतं.

आणि आग कशाने लागली ते ऐक. सरसाच्या शेगडीने. तालमीला लवकर या असा निरोप गेला म्हणून तो काम अर्धं टाकून आला. एरवी गल्लीत कोणीतरी बघतं. पण गल्लीत माणूस ठेवला होता कोणी? घरोघरी जाऊन, एकही खुर्ची रिकामी राहू नये म्हणून, सगळ्यांना मीच ओढून आणलं होतं. सुताराची बायको मागच्या रांगेतून धावत सुटली आणि जळतं लाकूड ओढायला गेली. उजवा हात भाजलाय, अजून बांधलेला आहे.

त्यांनी सांगितलं नाही म्हणतोस? सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी तुला कळवलं, तू उडवून लावलंस, आणि मग मी जाऊन गोड बोलले. "म्हातारीची एवढी इच्छा पुरवा," असं म्हणाले मी. माझ्या घरात जीव धोक्यात घालणाऱ्या माणसांना मी गळ घातली, आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही. तुझ्याकडे बोट दाखवायला मला तोंड नाही. मला स्टेजवर बसायचं होतं.

तुझा हत्यारांचा खोका आला. मी तो उघडला नाही, पोचवलाही नाही. बैल गेला अन् झोपा केला. मला त्याच्या दारात जायची हिंमत नाही, आणि तुझा खोका पुढे करून तर मुळीच नाही.

कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सलूनवाला मान हलवतो, मास्तर "बरंय ना?" विचारतात. पण गेल्या आठवड्यात गवताला आग लागली, भोंगा वाजला, लोक धावले तेव्हा मी पायरीवर येऊन उभी राहिले. टपालवाली माझ्यासमोरून पळत गेली. पिशवी तिने पुढे मास्तरांच्या घरी टाकली. माझ्याकडे पाहिलंही नाही. घाईत असेल. पण पूर्वी घाईतच तर टाकायची.

हे पत्र तिच्या हातात द्यायला लाज वाटते म्हणून मी बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, शहरात टाक म्हणून. भाजी आणायला मागच्या वाटेने जाते. ज्या घरासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला त्या घरात चोरासारखी राहते. मला तुझ्याकडे घेऊन जा. कोपऱ्यात पडून राहीन.

आणि सुताराला काय लिहायचं ते तू स्वतः लिही. माझ्या पदराआडून नको.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

टाळ्यांचं तुला ऐकू आलं नसेल असं मला वाटलं होतं. म्हणून गाळलं. रात्रंदिवस कानात माझाच आवाज घुमतो. परवा एका लग्नात माईक हातात घेतला आणि "जोरदार टाळ्या" म्हणायची वेळ आली, तर माईक खाली ठेवून दिला. नवरानवरी माझ्याकडे बघत राहिले.

सामान चढवायचं होतं हेही खोटं. ट्रक माझ्या माणसांनीच भरला. मी गाडीत बसून होतो, काचा वर करून. तू मला शोधत स्टेजपाशी आलीस ते मी पाहिलं आणि गाडी चालू केली.

सुताराला पत्र लिहायला बसतो आणि फाडतो. पहिल्यात कारणं फार झाली. दुसऱ्यात मी रडलो फार. आता जे लिहिलंय त्यात काहीच उरलेलं नाही, म्हणून तेच पाठवावं म्हणतो. उद्या टाकतो. टाकलं की सांगतो.

तुला न्यायला महिनाअखेरीस येतो. अंधार पडल्यावर येईन, मागच्या वाटेने. तुझी ट्रंक बांधून ठेव.

गडबड्या


१६ एप्रिल

प्रिय गडबड्या,

ट्रंक बांधली होती. मशीन तेवढं राहिलं होतं, त्यावर चादर टाकून ठेवलेली. आणि आज सकाळी काय झालं ते ऐक.

मी पायरी झाडत होते. समोर बंबघराचं दार धाडकन उघडलं आणि सलूनवाला साबणाच्या हातांनीच आत शिरला, तेव्हा कळलं भोंगा वाजतोय. मी झाडू घेऊन आत वळले. पायरीवर उभं राहून पुन्हा तो अपमान नको, म्हटलं. तेवढ्यात पाठीमागे धप्पकन आवाज. मला ऐकू येईल एवढा! वळून बघते तर पिशवी पायरीवर. टपालवाली बंबात चढत होती. तिने मागे वळून काहीतरी ओरडलं. मला ऐकू आलं नाही, पण ओठ मला पाठ आहेत. "मावशी, सांभाळा."

गडबड्या, मी त्या पिशवीला हात लावायच्या आधी पोशाखाला हात पुसले.

बसले मांडीवर घेऊन. बंब येईना. गिरणीला आग लागली होती, मोठी होती. उन्हं चढली. लोकांची पत्रं खोळंबली, म्हणून नेहमीसारखी वाटायला काढली. दोन पत्रं शाळेत, एक बेकरीत, तिथे मास्तरांची बायको पाव काढत होती, तिने मला एक गरम पाव दिला. आणि खाली तुझं अक्षर. सुताराच्या नावाचं पाकीट.

मी बराच वेळ उभी राहिले तिथे. ते पाकीट तळाला सारून ठेवता आलं असतं. टपालवाली आली असती, तिने नेऊन दिलं असतं. पण पिशवी घेतली की सगळंच वाटायचं, आवडती पत्रं आपण आणि नावडती दुसऱ्याने, असं नसतं.

सुताराच्या दुकानाच्या जागी काळ्या भिंती आहेत. बाजूच्या घराचं दार उघडं होतं. सुतार बंबावर गेलेला. हो, तोच. ज्याचं स्वतःचं दुकान बंब अडल्यामुळे गेलं, तो पहिल्या भोंग्याला पळाला होता. बायको दारात आली. मी म्हटलं, "टपाल." दुसरं काही सुचलंच नाही.

तिने हात दाखवला. बांधलेला. म्हणाली, "तुम्हीच फोडा. आणि वाचूनही दाखवा, मावशी, माझा चष्मा आत आहे."

चष्मा तिच्या नाकावर होता. पण मी फोडलं आणि वाचलं. तू लिहिलं होतंस: "बंबघराच्या दारात स्टेज मी घातलं. नको म्हणून सांगितलं असतानाही घातलं. खरा भोंगा वाजला तेव्हा टाळ्या मागितल्या आणि नंतर पळून गेलो. तुमचं दुकान माझ्यामुळे जळलं." खाली तुझं नाव. बस्स. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "त्याच्या खाली माझंही नाव धर. गळ मी घातली होती."

तिने डाव्या हाताने पत्र घेतलं. मग म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते अजून रोज त्या राखेत हत्यारं शोधतात." मी मान खाली घालून उभी. वाटलं, आता दार लावेल. तर आतून कसलासा वास आला, आणि ती म्हणाली, "दूध उतू गेलं वाटतं. एका हाताने पातेलं उतरवता येत नाही. उतरवता का?"

मी उतरवलं. मग शेगडी पुसली. मग तिथेच पडलेला सुताराचा गणवेश दिसला, स्टेज तोडताना फाटलेला. तो फाटका म्हणून सुतार आज नुसत्या सदऱ्यावर गेला होता, असं ती म्हणाली. मी तो उचलून काखेत मारला. विचारलं नाही. तिनेही अडवलं नाही.

बंब परत आला तेव्हा बाकीच्यांचे फाटके गणवेशही मी शिवायला अंगावरून उतरवूनच घेतले. सलूनवाला म्हणाला, "अहो मावशी, राहू द्या." मी म्हटलं, "तुम्ही एकदा माझं ऐकलंत आणि घात झाला. आता नाही म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हणा, मला ऐकू येत नाही." तो हसला नाही, पण गणवेश काढून दिला. टपालवालीने पिशवी उचलली, आत बघितलं आणि रिकामी पाहून म्हणाली, "सगळी दिलीत?" मी म्हटलं, सगळी.

मशीनवरची चादर काढली आहे. ट्रंक सोडायला अजून वेळ झाला नाही, पण सोडणार आहे. लाज काही गेलेली नाही. ती तिकडे कोपऱ्यात पडूनही गेली नसती, उलट बसून वाढली असती. इथे निदान हातात काम आहे.

हे पत्र मी टपालवालीच्याच हातात देतेय.

तू ये. मला न्यायला नको, नुसता ये. अंधारात नाही, दिवसाढवळ्या, पुढच्या रस्त्याने. तुझा खोका तू स्वतः उचलून सुताराकडे घेऊन जा. तो घेईल की तोंडावर फेकेल, मला माहीत नाही. दोन्हीची तयारी ठेव.

आणि येशील तेव्हा गाडी शाळेच्या मागे लाव आणि तिथून चालत ये. बंबघराच्या दारात लावू नकोस.

तुझी आत्या